विद्यापीठातले खुले सेमिनार: पाच वर्षं जातेय, म्हणून हा रिव्ह्यू

लोक मोबाईलचा रिव्ह्यू टाकतात, मिक्सरचा टाकतात, दवाखान्याचा टाकतात. विद्यापीठात दर आठवड्याला जे टॉक होतात त्यांचा रिव्ह्यू मात्र मी आजवर कुठे वाचला नाही. म्हणजे सेवा आहे, नियमित चालू आहे, बहुतेक ठिकाणी दार सगळ्यांना उघडं आहे, तिकीट नाही, आणि आत कोण उभं असतं तर आयुष्यातली चार-पाच वर्षं एकाच प्रश्नावर घातलेला माणूस. तरी बाहेरचं कुणी फिरकत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की दारात ओळखपत्र मागतील नाहीतर आत तोंडी परीक्षा घेतील. असलं काही होत नाही. मी पाच वर्षं जातेय, मला एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तुम्ही कोण.

मी शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवते. एम.एस्सी. करून बरीच वर्षं झाली, पुढे रिसर्च करायचा होता, तेव्हा घरच्या गोष्टींमुळे जमलं नाही. फिजिक्स डिपार्टमेंटचा गुरुवारचा सेमिनार हा माझा कायमचा, मधूनमधून गणिताचा, आणि पीएचडीचा डिफेन्स, म्हणजे प्रबंधावरची शेवटची तोंडी परीक्षा, खुला असेल तर तोही. विद्यापीठाचं नाव देत नाहीये कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या कुणा एकाच्या नाहीत, दुसरीकडे गेले तिथेही थोड्याफार फरकाने हेच बघितलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. सेमिनार चांगला की वाईट हे टॉकवरून ठरवू नका, टॉक संपल्यानंतरच्या दहा मिनिटांवरून ठरवा. टॉक आज ना उद्या रेकॉर्डिंगमध्ये मिळतो, पेपर डाउनलोड करता येतो, स्लाइड्स मागितल्या तर बरेचजण पाठवतातही. पण समोरच्याने "थांबा, हे असं का?" विचारल्यावर वक्ता दोन सेकंद गप्प होतो आणि मग जे बोलतो ते कुठल्याच पेपरात छापलेलं नसतं. त्यासाठी जायचं. आणि नेमकी तीच वेळ सगळ्यात जास्त वाया घालवली जाते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कोलोक्वियम अख्ख्या डिपार्टमेंटसाठी असतो, त्यामुळे पहिली वीस मिनिटं तरी सगळ्यांना कळेल असं बोलणं अपेक्षित असतं. सेमिनार त्या त्या विषयातल्या लोकांसाठी, इथे मंडळी थेट मुद्द्यावर येतात. जर्नल क्लबमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी पेपर एकजण समजावतो आणि बाकीचे त्याची चिरफाड करतात. पहिल्यांदा जाणार असाल तर कोलोक्वियमला जा, थेट सेमिनारला गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत सगळं डोक्यावरून जाईल आणि परत यायची इच्छा होणार नाही, माझं तसं झालं होतं, मध्ये दोन महिने मी गेलेच नव्हते.

सेमिनार शब्द मूळ लॅटिनमधला, त्याचा अर्थ रोपवाटिका. आणि सुरुवातीला काम तसंच चालायचं. १८३० च्या दशकात बर्लिनमध्ये इतिहासकार रांके मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन बसायचे, जुनी कागदपत्रं समोर ठेवायचे आणि ती खरी किती, खोटी किती हे त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचे. १८३४ मध्ये कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात नॉयमन आणि याकोबी या प्राध्यापकांनी गणित आणि फिजिक्सचा असाच सेमिनार सुरू केला. म्हणजे करायचं विद्यार्थ्यांनी आणि सरांनी ते तपासायचं, अशी ती मांडणी होती. आज आपण जे बघतो त्यात विद्यार्थी मागच्या रांगेत लॅपटॉप उघडून गप्प बसलेले असतात आणि पुढच्या रांगेतले चार सर एकमेकांशी बोलत असतात. रोपवाटिकेत रोपांनाच पाणी नाही, असं झालंय ते.

आता एकेक.

जाहिरात आणि शीर्षक. हे सुधारायला खूप वाव आहे. नोटीस लावतात त्यात शीर्षक असं असतं की ते वाचून त्या विषयातल्या सहा जणांनाच कळावं, आणि खाली अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, म्हणून पेपरचाच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उचलून चिकटवलेला. मी जाण्याआधी एवढंच शोधते की यात प्रश्न काय आहे. उत्तर कळलं नाही तरी चालेल, पण हा माणूस नेमकं काय शोधत होता एवढं दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे? कधीकधी शीर्षक मुद्दाम झाकलेलंही असतं हे मान्य. फर्माचं साडेतीनशे वर्षं न सुटलेलं प्रमेय सिद्ध केल्याचं सांगायला गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सने १९९३ च्या जूनमध्ये केंब्रिजला जी तीन व्याख्यानं दिली त्यांच्या शीर्षकात फर्माचं नावसुद्धा नव्हतं, नुसते मॉड्युलर फॉर्म्स, इलिप्टिक कर्व्ह्ज आणि गाल्वा रिप्रेझेंटेशन्स. तरी कुजबुज पसरली, दर दिवशी गर्दी वाढत गेली आणि तिसऱ्या दिवशी, २३ जूनला, शेवटी फर्माचं प्रमेय फळ्यावर लिहून ते थांबले.

पण त्या गोष्टीतला मला जास्त महत्त्वाचा वाटणारा भाग त्याच्या आधीचा आणि नंतरचा आहे. आधी त्यांनी प्रिन्स्टनला याच विषयावर एक कोर्स घेतला होता, खरं तर सहकारी निक कॅट्झ यांना सगळं बारकाईने दाखवता यावं म्हणून, पण विद्यार्थ्यांना सांगितलंच नाही की हे कशासाठी चाललंय. मग काय, एकेक करून मुलं गळाली आणि शेवटी वर्गात कॅट्झ एकटे उरले. आणि केंब्रिजच्या त्या जगप्रसिद्ध व्याख्यानानंतर टाळ्या झाल्या, फोटो निघाले, पण सिद्धतेत एक भोक होतं ते तिथे कुणाला दिसलं नाही. ते दिसलं नंतर त्याच उन्हाळ्यात, कॅट्झ एकेक ओळ वाचत होते आणि ईमेलवर "ही पायरी कळली नाही" म्हणून विचारत होते तेव्हा. एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट देता येईना. ते भोक बुजवायला सप्टेंबर १९९४ उजाडलं, रिचर्ड टेलर यांची मदत घ्यावी लागली, १९९५ मध्ये पेपर छापून आला. मी हे माझ्या वर्गात दरवर्षी सांगते. टाळ्यांनी सिद्धता पक्की होत नाही, "कळलं नाही" म्हणणारा लागतो.

हॉल, फळा, स्लाइड्स. बसायला व्यवस्थित, प्रोजेक्टर चांगला, पण दर तिसऱ्या टॉकला पहिली सात-आठ मिनिटं लॅपटॉप जोडण्यात जातात, केबल बसत नाही, अ‍ॅडॉप्टर कुणाकडे तरी असतो तो माणूस येत नाही. वक्त्याला पंधरा मिनिटं आधी बोलावून जोडून बघा ना, एवढंच. कॉलरचा माइक लावतात ते फार बरं झालं, आधी हातातला माइक होता तेव्हा फळ्याकडे वळला की आवाज गायब.

फळ्यावर शिकवणारा वक्ता आला की मला आतून आनंद होतो. कारण सरळ आहे, खडूचा वेग आणि आपल्या वहीतल्या पेनाचा वेग साधारण एकच असतो, तो लिहितो तेवढ्यात आपण लिहितो, विचार सोबत चालतो. स्लाइडवर सहा समीकरणं एकदम येतात आणि चौथं वाचेपर्यंत पुढची स्लाइड. फळ्याचा मी ऐकलेला सगळ्यात भारी किस्सा गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांचा. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. ते उठले, काही न बोलता फळ्यावर २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही संख्या आली. हिचे अवयव तोवर कुणालाच सापडले नव्हते. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा लांबलचक गुणाकार हाताने केला, उत्तर तेच आलं, आणि जाऊन खाली बसले. एक शब्द नाही. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असं सांगतात, आणि हे शोधायला किती वेळ लागला असं नंतर विचारल्यावर तीन वर्षांतले रविवार, असं ते म्हणाले म्हणे. किस्सा सांगता सांगता थोडा फुगला असेल, पण गुणाकार खरा आहे, मी स्वतः वहीत करून बघितलाय, पाऊण तास लागला आणि पहिल्यांदा एक हातचा चुकला. तुम्हीही करून बघा, मुलांना घेऊन करा.

वेळ. इथे मी मार्क कापणार. ठरलेला वेळ एक तास, त्यात पन्नास मिनिटं टॉक आणि दहा मिनिटं प्रश्न, हे नोटिशीवर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात सुरू होतो दहा मिनिटं उशिरा, मग वक्त्याची ओळख करून देताना त्याचे सगळे पुरस्कार वाचतात, मग वक्ता म्हणतो "माझ्याकडे फक्त थोड्याच स्लाइड्स उरल्यात" आणि कोपऱ्यात आकडा दिसत असतो, ७१ पैकी ४६. शेवटी चेअरपर्सन घड्याळ बघून म्हणतात, वेळ झालीय, एखादाच प्रश्न घेऊ. बघा, उशीर केला आयोजकांनी, वेळ जास्त घेतला वक्त्याने, आणि कापला गेला ऐकणाऱ्यांचा वाटा. दर वेळी तोच कापला जातो, कारण त्याच्या बाजूने भांडणारं कुणी नसतं.

हे जमवता येत नाही असं मुळीच नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून शुक्रवारची संध्याकाळची व्याख्यानं चालू आहेत, फॅरेडेंनी लावलेली ती शिस्त, आणि तिथे घड्याळाच्या ठोक्याला सुरू करून तासाच्या ठोक्याला संपवायचं ही पद्धत त्यांनी जपलीय. फॅरेडे तरुण होते तेव्हाच मित्राला पत्रात व्याख्यान कसं असावं यावर पानंच्या पानं लिहीत होते, तासापेक्षा जास्त ऐकवू नये हे त्यांचं मत तेव्हाच ठाम होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलेली गोष्ट आपल्याला का पाळता येऊ नये.

आता प्रश्नांकडे येते, ज्यासाठी एवढं लिहायला बसले.

एक प्रसंग सांगते. टॉक होता ताऱ्यांच्या आतल्या लहरींवर, म्हणजे ताऱ्याच्या थरथरण्यावरून त्याच्या पोटात काय आहे ते कसं ओळखायचं, आपण टरबूज वाजवून बघतो तसंच काहीसं. विषय माझ्या आवडीचा, मी आधी दोन दिवस वाचून गेले होते. वक्त्याने एका आलेखावर दोन रेषा दाखवल्या, एक मोजलेली आणि एक मॉडेलची, आणि डाव्या टोकाला दोघींमध्ये स्पष्ट फट होती, तिच्याबद्दल तो काहीच बोलला नाही. मी वहीत लिहून ठेवलं. प्रश्नांची वेळ आली, मी हात वर केला. चेअरपर्सननी माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या रांगेतल्या सरांना माइक दिला. त्यांनी प्रश्न विचारला नाही, स्वतःच्या जुन्या कामाबद्दल पाच मिनिटं बोलले. मी परत हात वर केला. दुसऱ्या सरांनी पहिल्या सरांना उत्तर दिलं. वेळ संपली, आभार झाले, मी हात खाली घेतला. घरी येताना मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू, प्रश्न राहिला म्हणून नाही तर दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं म्हणून.

नंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये एक पीएचडी करणारी मुलगी मला म्हणाली, मॅडम, मलाही त्याच फटीबद्दल विचारायचं होतं. मी म्हटलं मग हात का नाही वर केलास? तर म्हणाली, आमचे गाईड समोर बसलेत, प्रश्न मूर्खासारखा निघाला तर? हात दाखवून अवलक्षण नको. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची असं शिकवतातच ना. बरं, ज्या फटीबद्दल निदान दोघींना विचारायचं होतं ती तशीच राहिली आणि वक्ताही कदाचित काहीतरी कामाचं ऐकायला मुकला.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत का म्हणून मी शोधलं, तर यावर अभ्यास झालेलाच आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत १० देशांतल्या जवळपास २५० सेमिनारमध्ये प्रत्यक्ष बसून मोजलं होतं की प्रश्न कोण विचारतं. हॉलमध्ये बायका आणि पुरुष साधारण निम्मे-निम्मे असतानाही एखादा प्रश्न पुरुषाने विचारलेला असण्याची शक्यता अडीच पटीहून जास्त निघाली. आणि मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढे बायकांचे प्रश्न आणखी कमी येत होते, आणि प्रश्नांना वेळ जास्त दिला की त्यांचा वाटा वाढत होता. म्हणजे सगळं चेअरपर्सनच्या हातात आहे. पहिला माइक कुणाला द्यायचा आणि दहा मिनिटं खरोखर दहा ठेवायची की नाही, एवढंच.

चेअरपर्सनने काय होऊ शकतं याचं एक टोक सांगते. ११ जानेवारी १९३५, लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. आपले खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर तेव्हा २४ वर्षांचे. त्यांनी मांडलं की श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा जो लहान, घट्ट गोळा उरतो त्याच्या, वस्तुमानाला एक मर्यादा आहे, सूर्याच्या साधारण १.४ पट, त्यापुढे तारा तसा टिकूच शकत नाही. त्यांच्यानंतर एडिंग्टन बोलायला उठले, तेव्हाचे या विषयातले सगळ्यात मोठे माणूस, आणि त्यांनी भर सभेत हे हास्यास्पद ठरवलं, लोक हसले. वाईट याचं वाटतं की एडिंग्टन त्याआधी कित्येक महिने चंद्रशेखर यांना भेटत होते, त्यांचं गणित कुठवर आलंय हे त्यांना माहीत होतं, आणि आपण काय बोलणार आहोत याचा पत्ताही त्यांनी लागू दिला नव्हता. आणि सभेच्या अध्यक्षांनी त्या मुलाला उत्तर द्यायला दोन मिनिटंसुद्धा दिली नाहीत, पुढचा वक्ता बोलावला. ती दोन मिनिटं दिली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पुढे मर्यादा बरोबर ठरली, १९८३ मध्ये नोबेल मिळालं, तोवर चंद्रशेखर ७२-७३ वर्षांचे झाले होते. हा प्रसंग लोक एडिंग्टनच्या नावाने सांगतात, मला त्यात तो अध्यक्ष जास्त दिसतो.

आणि दुसरं टोक गणितज्ञ गेलफांड. मॉस्कोमध्ये १९४३ पासून सोमवारी संध्याकाळी त्यांचा गणिताचा सेमिनार चालायचा, तासन् तास, कित्येक दशकं चालला. कडक माणूस, वक्त्यांना टाकून बोलायचे, ते काही मला पटत नाही. पण त्यांची एक पद्धत होती की श्रोत्यांतल्या एखाद्या पोरसवदा मुलाला उभं करायचं आणि आत्तापर्यंत काय सांगितलं ते त्याला सांगायला लावायचं. त्याला सांगता आलं नाही तर टॉक पुढे जाणार नाही, परत नीट समजावा. म्हणजे सगळ्यात लहान ऐकणाऱ्यावरून टॉकचा वेग ठरायचा. कुणाला उभं करून विचारणं आज कदाचित चालणार नाही, मुलं घाबरतील, पण त्यामागचा विचार घ्यायला काय हरकत आहे.

आमच्याकडे एक रिटायर झालेले सर येतात, पहिल्या रांगेत उजवीकडे बसतात. ते दर टॉकला पहिल्या दहा मिनिटांत हात वर करतात आणि एकदम साधं काहीतरी विचारतात. "हा एन म्हणजे कणांची संख्या का? आणि तो साधारण किती, शंभर की लाख?" एवढंच. सुरुवातीला मला वाटायचं, सरांना विषय माहीत नसेल. नंतर कळलं की त्या विषयात त्यांनी आयुष्य काढलंय. ते प्रश्न स्वतःसाठी विचारत नाहीत, मागच्या रांगांसाठी विचारतात. आणि त्यांनी विचारलं की हॉलमध्ये तुम्हाला ऐकू येईल असा बदल होतो, खुर्च्या हलतात, पेनं उचलली जातात, निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो कारण त्यांनाही तेच कळलेलं नसतं. या एका माणसासाठी मी या सेमिनारला एक स्टार जास्त दिलाय. ज्या सेमिनारमध्ये असा एक माणूस आहे तिथे डोळे झाकून जा.

ऑनलाइनचं सांगते. २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि जगभरचे सेमिनार स्क्रीनवर आले, तेव्हा मी एका आठवड्यात तीन देशांतले टॉक ऐकले, जे मला एरवी या जन्मात ऐकायला मिळाले नसते. त्याबद्दल मनापासून आभार, आणि हायब्रिड, म्हणजे हॉलमध्ये आणि ऑनलाइन दोन्हीकडे, चालू ठेवलंय तेही बंद करू नका, ज्यांना घर सोडता येत नाही, ज्यांना चालता येत नाही, लहान बाळ आहे, त्यांच्यासाठी हे दारच आहे. लिहून प्रश्न विचारता येतो हा तर फार मोठा फायदा, हात वर करायला घाबरणारी मुलं तिथे बिनधास्त विचारतात. फक्त ते वाचायला एक माणूस नेमा. कितीतरी वेळा चॅटमध्ये चार चांगले प्रश्न पडून असतात आणि हॉलमध्ये "प्रश्न नाहीत का, मग धन्यवाद" म्हणून उठतात.

तरी जमत असेल तर प्रत्यक्ष जा असंच म्हणेन. ४ जुलै २०१२ ला सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन हा मूलकण सापडल्याचं सांगितलं ते कुठे सांगितलं, तर सेमिनारमध्येच. सीएमएस आणि अ‍ॅटलास या तिथल्या दोन प्रयोगांपैकी सीएमएसकडून जो इन्कँडेला बोलले, अ‍ॅटलासकडून फाबिओला जानोत्ती. जगभर थेट प्रक्षेपण होतं, कुणालाही घरी बसून बघता आलं असतं, तरी तरुण मुलंमुली आदल्या रात्री हॉलच्या दाराबाहेर झोपली होती, जागा मिळावी म्हणून. पीटर हिग्ज स्वतः श्रोत्यांत बसले होते, १९६४ मध्ये ज्या कणाचं भाकीत केलं तो ८३ व्या वर्षी सापडल्याचं ऐकत होते, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते मी स्क्रीनवर बघितलं आणि मला वाटलं की आपण त्या दाराबाहेर झोपायला हवं होतं.

पीएचडीच्या मुलांच्या टॉकबद्दल एक विनंती आहे. त्यांना लोक कमी येतात, मोठं नाव नाही म्हणून. तुम्ही जा. गेल्या वर्षी एका मुलाचा पहिलाच टॉक होता, लेझर पॉइंटरचा तो लाल ठिपका पडद्यावर इतका थरथरत होता की आलेखाचा कुठला अक्ष दाखवतोय ते कळेना. त्याच्या गाईडने काय केलं, तर उठून त्याला लाकडी पट्टी आणून दिली. पट्टी पडद्याला टेकवली की थरथर दिसत नाही. त्यानंतर तो मुलगा जे बोलला ते अनेक मोठ्या लोकांपेक्षा स्वच्छ होतं, कारण त्याने ते उपकरण स्वतः जोडलेलं होतं, कुठला स्क्रू जास्त आवळला की रीडिंग बिघडतं हेही त्याला माहीत होतं. मोठी मंडळी बऱ्याचदा आपल्या गटाच्या कामाचं चित्र रंगवतात, स्क्रू मुलांना माहीत असतो.

रेटिंग विचाराल तर पाचपैकी चार. एक मार्क वेळेचा कापला. प्रश्नांच्या वेळेचाही कापणार होते, पण यावर्षी एक बदल झालाय म्हणून ठेवला. फटीच्या त्या प्रसंगानंतर मी डिपार्टमेंटला एक पत्र लिहिलं होतं, नावानिशी, तक्रारवजा कमी आणि सूचनावजा जास्त, सोबत त्या पाहणीची माहिती जोडली होती. उत्तर आलं नाही. पण जानेवारीपासून चेअरपर्सन टॉक संपल्यावर सांगायला लागले की दोन मिनिटं शांत बसा, शेजारच्याशी बोला, मग पहिला प्रश्न विद्यार्थ्यांकडून घेऊ. माझ्या पत्रामुळे झालं की आणखी कुणी सांगितलं, मी विचारायला गेले नाही.

त्या दोन मिनिटांत हॉलमध्ये जी गुणगुण सुरू होते ती ऐकायला जा एकदा. गेल्या गुरुवारी माझ्या शेजारी तीच मुलगी होती, कॉरिडॉरवाली. तिने वही माझ्याकडे सरकवली, प्रश्न लिहिलेला होता, मी वाचला आणि म्हटलं, हेच विचार, असंच विचार. तिने हात वर केला, पहिला माइक तिला मिळाला. प्रश्न असा होता की तुम्ही ताऱ्याचं फिरणं पृष्ठभागापासून आतपर्यंत सारखंच धरलंय, आत वेगळं असेल तर आलेखातली ही शिखरं सरकतील का. वक्त्याने स्लाइड मागे घेतली, मग पुढे, मग परत मागे. नंतर पॉइंटर टेबलावर ठेवला, फळ्याकडे गेला, एक गोल काढला, त्यात आणखी एक लहान गोल, खडू तसाच हातात धरून थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, सरकतील, किती ते मी काढलेलं नाही, आपण टॉकनंतर बसूया का? मी निघाले तेव्हा दोघं फळ्यापाशीच होते आणि त्या गोलाभोवती बरंच काही लिहून झालं होतं.